संवाद टिपणारा

आमच्या रविवारच्या कथावाचनाला येणारा तो माणूस मला आता डोळ्यांसमोरही नको. कुणीही गोष्ट वाचली की मान हलवत म्हणायचा, "संवाद खोटं हाईत. माणसं खरी बोलताना ऐकाय पायजेत की!" स्वतः ऐकायला दवाखान्यात जायचा, मयतीलाही जायचा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. मला त्या मेहनतीचं कौतुक होतं.

माझ्या आईच्या रक्षाविसर्जनालाही आला. नैवेद्याला कावळा शिवेना. मी हात जोडून पुटपुटलो, "आई, धाकटीला अंतर देणार न्हाय मी."

मागून मोबाईल पुढं आला. "भावा, जरा मोठ्यानं बोल की. ऐकू येईना झालंय."

त्याला तिथंच पंचगंगेत ढकलणार होतो, तेवढ्यात कावळा शिवला. आईलाही तो माणूस सोसवला नसणार.