डावखुरी गाठ

थप्प!

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात सकाळ व्हायची ती या आवाजानं. नानासाहेब वकील खटल्याच्या कागदांचा बस्ता टेबलावर आपटायचे, धूळ उडायची आणि शिकाऊ वकील ताठ उभे राहायचे. मी तिथला मुन्शी, नामदेव. शिक्षण चौथी. स्वतः वकील झालो नाही, पण वकील होताना पुष्कळ पाहिले. अशा गोष्टी जुन्या फायलींसारख्या असतात. कोणी मागत नाही, म्हणून साठत जातात. आज तुम्ही मागितल्या, तर काढतो हळूहळू.

तेव्हा साठ साल उलटून गेलं होतं. नुसती कायद्याची परीक्षा पास होऊन भागत नसे. वर्षभर मोठ्या वकिलाच्या हाताखाली काढायचं, त्यानं फॉर्मवर सही करायची, मग पुढे सनद. एका वर्षी आमच्याकडे दोघं होते. वसंता देशमुख बाळापूरचा, घरी काळी कसदार शेती. आणि पुंडलिक भातकुलीकडचा. घरचे बौद्ध झालेले, वडील मजुरीला जात. त्यांच्या वस्तीतून तोवर कोणी वकील झालं नव्हतं.

*

पहिल्या दिवशी पुंडलिक दारातच उभा राहिला. अर्धा तास! नानासाहेब कपाटात पुस्तक शोधत होते. तिथूनच ओरडले, "काहून रे, उभा काहून? वकिलाले कोणी जागा देत नसते, घ्या लागते. बस!"

पुंडलिकनं इकडेतिकडे पाहिलं. एकच खुर्ची रिकामी होती. तो बसला.

ती नानासाहेबांची होती!

मी तर डोळेच मिटून घेतले. नानासाहेब वळले आणि म्हणाले, "बरोबर. पण लेका, इतक्या लवकर नाही!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक खुर्ची वाढली.

*

आमच्याकडे शिकाऊ वकील आधी कलमं शिकत नसे, बस्ता बांधायला शिके. कागद लाल फडक्यात गुंडाळायचे, वरून नाडी बांधायची, चिठ्ठी खोचायची. शिकवणारा मी. पण मी डावखुरा. माझी गाठ डाव्या हातानं ओढली तरच सुटे. उजव्यानं ओढली की आणखी आवळे. नानासाहेब रोज तिच्याशी झगडत.

"नामदेव, मी खटला लढू का तुही गाठ सोडू?"

पोरांना मी सरळ गाठ शिकवली. माझा हात मात्र सुधारला नाही.

बस्त्याच्या बाबतीत नानासाहेब फार कडक. "कोर्टात चुकीचा बस्ता आला, तर माही सही विसरा." हे नुसतं बोलणं नव्हतं. आधीच्या एका पोराला त्यांनी खरोखर आणखी सहा महिने बसवलं होतं.

*

मे महिना. अंगात काळा कोट. वसंताची आई रोज त्याच्या खिशात कांदा ठेवायची, ऊन लागू नये म्हणून. एकदा कोर्टात त्यानं घाम पुसायला रुमाल काढला आणि कांदा गडगडत थेट जजसाहेबांच्या टेबलापाशी!

चपराशी तो उचलायला वाकला.

"हा कोणाचा?" जजसाहेबांनी विचारलं.

"आईचा, साहेब." वसंताचा चेहरा पडला होता.

जजसाहेबांनी चपराशाकडून कांदा वर मागवून घेतला, टेबलावर ठेवला. "माझा आज घरीच राहिला. असू द्या इथं. हं, पुढं बोला!"

*

पुंडलिकचा आवाज फार मऊ. नानासाहेबांना काळजी वाटे, हा कोर्टात काय बोलणार? बार्शीटाकळीची एक म्हातारी आमची पक्षकार होती. शेजाऱ्यानं शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवून तिची जमीन दाबली, अशी तिची तक्रार. तारखेआधी ऑफिसातच तिची तयारी घ्यायची ठरलं. पुंडलिक झाला विरुद्ध बाजूचा वकील.

त्यानं आधी पाणी दिलं. मग विचारलं, "आजी, पाय दुखतात का? मग धुऱ्यापर्यंत कशा जाता?"

अशा चार प्रश्नांतच म्हातारीचे डोळे भरले. "बापा, तू इतकं गोड इचारून राहिला, तुले खोटं कसं सांगू? धुरा मीनंच सरकवला!"

नानासाहेबांनी कपाळाला हात लावला. त्याच आठवड्यात शेजाऱ्याला बोलावून त्यांनी समेट केला. मला म्हणाले, "नामदेव, नशीब समज. हा पोरगा समोरच्या पार्टीत असता तर?"

*

आता शेवटची.

पुंडलिकचं वर्ष भरलं. अकोल्याला एका खटल्याची तारीख होती, आम्ही तिघंही सोबत जाणार होतो आणि कोर्टातून निघताना नानासाहेब सही करणार होते. बस्ता बांधायची पाळी पुंडलिकची. मीच म्हटलं, "तुम्ही फॉर्म भरा. बस्ता मी बांधतो."

चिठ्ठ्या इंग्रजीत असत. मला इंग्रजी वाचता येत नाही. मी बस्ते डागांवरून ओळखायचो. हा शाईचा, हा हळदीचा, हा चहाचा. आणि नेमकं त्या दिवाळीत माझ्या बायकोनं कौतुकानं सगळी फडकी धुऊन दिली होती!

अकोल्याच्या कोर्टात नानासाहेबांनी चिठ्ठी वाचली. बस्ता दुसऱ्याच खटल्याचा. त्यांना पुढची तारीख मागावी लागली. उभ्या आयुष्यात त्यांनी असं केलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी विचारलं, "कोणं बांधला?"

आदल्याच महिन्यात ते मला म्हणाले होते, "आता आणखी एक चूक, अन् तू घरी बस." मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुंडलिक पुढे झाला.

"मी, साहेब."

"तू?"

"हो. पाळी माहीच होती."

नानासाहेबांनी बस्ता कठड्यावर ठेवला. "तू बांधला ना? मंग सोड."

पुंडलिकनं उजव्या हातानं नाडी ओढली. गाठ आवळली. पुन्हा ओढली, आणखी आवळली. त्याच्या कपाळावर घाम आला. वसंता भिंतीकडे पाहत राहिला. मी बोलायला गेलो, तर पुंडलिकनं माझा हात धरून दाबला.

नानासाहेबांनी त्याच्यापुढे हात केला. पुंडलिकनं खिशातला फॉर्म काढून दिला. नानासाहेबांनी तो त्याच बस्त्यावर ठेवला आणि सही केली. फॉर्म त्याच्या हातात दिला, पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं.

मग डाव्या हातानं एकदाच नाडी ओढली. गाठ सुटली.

आणि छत्री उचलून ते स्टेशनच्या रस्त्यानं चालू लागले.