साडूचे दोन दात

सासऱ्यांच्या बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ उतरलं आणि त्या खिळ्यावर साडूचा फोटो लागला, त्या दिवसापासून दातारचं पोट दुखायला लागलं.

दातार हे त्याचं आडनाव नव्हे. तो कवळ्या करायचा. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं त्याच्याकडे पाठवत. तो ती प्लास्टरमध्ये ओतायचा, मेणाच्या हिरड्या घडवायचा, त्यात एकेक दात बसवायचा आणि तयार कवळी डबीत घालून सायकलवरून दवाखान्यात पोचवायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत थोरल्या साडूने जाहीर केलं, "दात देतो तो दातार!" घर खो खो हसलं, नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही हसावं लागलं. साडूच्या विनोदाला न हसणारा माणूस त्या घरात अजून जन्मायचा होता.

साडूचं फरशा आणि नळांचं मोठं दुकान होतं. उंच, रुंद खांद्यांचा, बोलका गडी. दारातून आत आला की खोली भरल्यासारखी वाटायची, आणि त्याच खोलीत दातार आला की कुणाच्या लक्षातही यायचं नाही. हे इतकी वर्षं चाललं होतं, त्याची सवयही झाली होती. पण मग साडूने ट्रायथलॉन केली. आधी तळ्यात पोहायचं, लगेच सायकल हाणायची, सायकल टाकून लगेच धावत सुटायचं. मध्ये बसायचं नाही, दम खायचा नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने हे केलं म्हणून सासरे हरखून गेले आणि फोटो फ्रेम करून आणला. फोटोत साडू घामाने निथळत दोन्ही हात वर करून हसत होता. सगळे दात दिसत होते. दातारने ते धंद्याच्या नजरेने पाहिले. सरळ, भरीव, मोत्यांसारखे. या वयात असे दात असणं हा त्याला स्वतःवर झालेला अन्याय वाटला.

"भावोजींची कमालच आहे बाई," परतताना बायको म्हणाली.

बस्स, एवढंच म्हणाली. पण ते 'बाई' दातारच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं.

पुढच्याच आठवड्यात तो तरणतलावाच्या कचेरीत उभा होता. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पाण्यात कधी उतरलायत?"

"अंघोळीला," तो म्हणाला.

बाईंनी त्याला उथळ बाजूला, गुडघेदुखीच्या बायका व्यायाम करायच्या तिथे टाकलं. त्यातल्या दोघी त्याच्याच गिऱ्हाईक निघाल्या. पाण्यात उतरण्याआधी त्या आपापल्या कवळ्या काठावरच्या डब्यांत ठेवायच्या. एक निवृत्त मास्तरीणबाई बोळक्या तोंडाने त्याच्यावर खेकसायच्या, "पाय मारा, पाय! दात चांगले करता, पाय कुठे गेले?" नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लाल व्हायचे, कानात दिवसभर खळखळ चालायची. पण दमून भिंतीला धरलं की डोळ्यांपुढे ती फ्रेम यायची आणि तो पुन्हा भिंत सोडायचा. दुसऱ्यांना जिद्द तारते; याला पोटदुखीने पोहायला शिकवलं.

बायकोपासून लपवलं होतं. पण ओले टॉवेल आणि क्लोरिनचा वास किती दिवस लपणार?

"तुझ्या ताईंना सांगू नकोस," त्याने बजावलं.

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी साडूचा फोन आला.

"अरे दातार, वा रे पठ्ठे! आता बरोबर जायचं आपण. सायकल कुठली आहे तुझी? ती डब्या पोचवायची? छे छे, थांब, माझी जुनी पाठवतो."

नुसती पाठवली नाही, स्वतः घेऊन आला. अंगणात पान्हा काढून सीट खाली घेत म्हणाला, "उंची कमी आहे ना तुझी." मनात काडीचंही वाईट नव्हतं, हेच अवघड होतं. माणूस वाईट असता तर दातारने त्याचा सुखाने द्वेष केला असता. आता उपकाराच्या सायकलवर बसून जळायचं, म्हणजे जळण्यालाही धड तोंड उरलं नाही.

मात्र सायकलवर बसल्यावर एक गोष्ट त्याला कळली. वर्षानुवर्षं शहराचे चढ-उतार पालथे घालून त्याचे पाय लोखंडाचे झाले होते. ती हलकी सायकल त्याच्याखाली वाऱ्यासारखी पळाली. कुणाला बोलला नाही, पण त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला.

शर्यतीच्या सकाळी तळ्याच्या काठावर रबरी टोप्या घातलेल्या माणसांची दाटी होती. साडू ओळखीपाळखीच्यांना टाळ्या देत फिरत होता. ताई आणि दातारची बायको दोरीच्या पलीकडे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या होत्या. शिट्टी झाली. लाथा-बुक्क्या खात, गढूळ पाणी गिळत, मास्तरीणबाईंचा आवाज कानात ऐकत दातार कसाबसा पैलकाठी लागला. त्याच्या मागे मोजकीच डोकी होती. साडू केव्हाच सायकल घेऊन गेला होता.

पण सायकल हाती येताच दातारला जणू पंख फुटले. एकेकाला मागे टाकत तो सुटला. टेकडी चढला, आणि पलीकडच्या उतारावर जिथे सगळे ब्रेक दाबत होते तिथे त्याने हात सैल सोडले. वळण ओलांडलं तर समोर रस्त्याच्या कडेला साडू बसलेला. सायकल आडवी, गुडघे सोललेले, तोंडावर रुमाल आणि रुमाल लालभडक. एक स्वयंसेवक शेजारी वाकून फोनवर बोलत होता.

दातारचा वेग जरा मंदावला. साडूने मोकळा हात जोरात हलवला. "जा! थांबू नकोस, जा!"

तो गेला. जाताना त्याच्या मनात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. आनंद होता, उघडावाघडा आनंद. चार-पाच वळणं तो आनंद त्याला पेलवला. मग साडूच्या सायकलची ती खाली घेतलेली सीट टोचायला लागली.

पुढचं धावणं म्हणजे निम्मं चालणंच होतं. पायांत गोळे आले, ऊन चढलं, पण त्याने शर्यत पुरी केली. शेवटची रेघ ओलांडताना त्याने मान वर करून दोरीच्या पलीकडे पाहिलं. बायको नव्हती. ताई नव्हत्या. दोघी साडूजवळ, दवाखान्याच्या गाडीपाशी होत्या. एका मुलीने त्याच्या गळ्यात पदक घातलं. "काका, सोबत कुणी आहे का?" तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला फोन देऊन एक फोटो काढून घेतला. त्यात त्याचे डोळे मिटलेले आले.

संध्याकाळी सासऱ्यांकडे सगळे जमले. साडू पलंगावर उशांना टेकून बसलेला, वरचा ओठ सुजून वांग्याएवढा झालेला. सासूबाई चमच्याने सूप भरवत होत्या.

"बिचारा जिंकतच आला होता," सासरे म्हणाले.

दातारच्या जिभेवर आलं होतं, की जिंकणारे तर केव्हाच पुढे गेले होते. पण त्याने ते गिळलं.

थोड्या वेळाने सासऱ्यांना आठवलं. "तुमचं झालं का हो पूर्ण?"

"झालं."

"छान, छान. जरा ती उशी द्या बघू इकडे."

दातारने उशी दिली. पदक खिशातच होतं. माणूस पडला तरी कौतुक त्याचंच, उभा राहिला तरी त्याचंच. मग आपण करायचं तरी काय, या विचाराने त्याला रात्रभर झोप लागली नाही. एवढी शर्यत पुरी केली आणि हेवा मात्र पडलेल्या माणसाचा वाटत होता.

साडूचे वरचे पुढचे दोन दात मुळापाशी तुटले होते. डॉक्टरांनी शेजारच्या दातांचा आधार घेऊन दोन नवे दात बसवायचं ठरवलं. साडूने अट घातली, "करणार ते आमचा दातारच." मग तोंडाचं माप आलं, आणि आधीचे दात कसे होते ते कळावं म्हणून सासऱ्यांनी भिंतीवरची फ्रेमच उतरवून पाठवली. आता ते हसू दिवसभर त्याच्या टेबलावर, मेण वितळवायचा दिवा आणि प्लास्टरच्या साच्यांमध्ये, त्याच्याकडे बघत बसलेलं.

त्याने आधी मेणाचे दात घडवायला घेतले. एका दुपारी हात चालता चालता थोडा लांबला. फार नाही, केसभर. दोन्ही दात किंचित लांब, किंचित बाहेर. मग दातांच्या रंगांची पट्टी काढून त्याने एक छटा जास्त पिवळी निवडून बाजूला ठेवली. कुणाला काही कळलं नसतं. डॉक्टरांनाही नाही. फक्त साडू जन्मभर हसताना जरासा सशासारखा दिसला असता. दातार ते मेणाचे दात साच्यावर बसवून पाहत होता आणि एकटाच हसत होता.

इतक्यात बायको डबा घेऊन आली. तिने साचा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. मग फ्रेमकडे पाहिलं. परत साच्याकडे.

"असे होते भावोजींचे दात?"

'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. त्याने चाकू पुसायला घेतला.

ती स्टुलावर बसली. डबा उघडला नाही. "त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी तिथे नव्हते," ती म्हणाली. "ताईचा धीर सुटला होता, मी तिच्याबरोबर धावले. पण मागे वळून यायला हवं होतं. नंतर रोज बोलेन बोलेन म्हटलं, आणि तोंडच उघडेना. तुम्हाला लागलं ना?"

दातारला वाटलं हसण्यावारी न्यावं. पण हातातला चाकू त्याने खाली ठेवला. "लागलं," तो म्हणाला. "आणि तुझे भावोजी पडले तेव्हा मला बरं वाटलं. तेही सांगून टाकतो."

तिने साचा टेबलावर परत ठेवला. "आता बरं वाटतंय?"

"नाही गं. नुसतं पोट दुखतंय."

"मग जेवा आधी," ती म्हणाली आणि डबा उघडला.

ती गेल्यावर त्याने ते मेण वितळवून टाकलं. नव्याने सुरुवात केली. फोटोत साडूच्या दोन दातांमध्ये एक बारीकशी फट दिसत होती, ती त्याने तशीच ठेवली. उजव्या दाताचा कोपरा किंचित झिजलेला होता, तोही तसाच झिजवला. भट्टीतून निघालेले दात त्याने खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिले. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि झालं ते नेमकं या माणसासाठी, याची पुन्हा चिडचिड झाली ती झालीच.

दात बसले. सासऱ्यांच्या घरी जो तो म्हणाला, "काही कळतसुद्धा नाही! काय सुंदर हसतोय बघा!" सुंदर हसणाऱ्याचं कौतुक झालं. दात कुणी केले ते विचारलं गेलं, पण तोवर चहा आला. दातार मनात म्हणाला, आता मी माझ्याच हातच्या दातांवर जळणार की काय?

निघताना साडू त्याच्या मागोमाग जिन्यात आला. दार लोटून घेतलं. त्याला असं हळू बोलताना दातारने पहिल्यांदाच ऐकलं.

"मी सायकलला हात लावलेला नाही तेव्हापासून. दुकानाजवळच्या उतारावर चालत जातानाही हात कापतात माझे. घरी कुणाला बोललो नाही."

दातार एक पायरी परत वर आला.

"आणि तू! ब्रेक न दाबता गेलास त्या वळणावरून. तोंडातून रक्त येत होतं आणि मी तुझ्या पाठीकडे बघत बसलो होतो. 'जा जा' म्हणालो खरा, पण खरं सांगू? असा राग आला तुझा, असा राग आला... माझीच सायकल, आणि हा दातार उडतोय तिच्यावर!"

दातारने त्याच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं ज्या तोंडाकडे पाहून त्याचं पोट दुखलं, त्या तोंडावर आज त्याला ओळखीचं काहीतरी दिसलं. रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचं तेच. त्याला हसू फुटलं. साडूही हसला, मग ओठ दुखतो म्हणून थांबला.

"रविवारी येता?" दातारने विचारलं. "मी पुढे राहतो. माझ्या मागच्या चाकाकडे बघत या. दुसरीकडे बघू नका."

रविवारी दोघे गेले. पहिल्या उतारावर साडू मागून ओरडला, "हळू रे बाबा, हळू!" दातारने वेग कमी केला. लगेच नाही; एक वळण गेल्यावर. तेवढी मजा त्याने स्वतःला घेऊ दिली. खाली पोचल्यावर साडूची बोटं हँडलवरून सुटता सुटेनात, तेव्हा दातारने ती एकेक करून सोडवली.

वर्षभर दोघे बरोबर सराव करत राहिले. साडूने त्याला पोहताना श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, दातारने साडूला वळणावर अंग कसं झुकवायचं ते. पुढच्या शर्यतीला दोघांच्या बायका शेवटच्या रेघेपाशी आधीपासूनच जागा धरून बसल्या होत्या. दातार सायकलवर खूप पुढे निघाला होता. पण धावताना, अगदी शेवटी शेवटी, लांब पायांचा साडू मागून आला, पाठीवर थाप मारून "चल चल" म्हणाला आणि पुढे गेला. थोडासाच पुढे.

दातार दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून धावायला गेला.