शत्रूचा डबा

माझ्या नववीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलीचा एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" 'नाही' म्हटलं, की ती पेनाला टोपण लावते आणि खुशाल खिडकीबाहेर कर्वेनगरची रहदारी बघत बसते. मला तिचा रागच यायचा.

परवा युद्धकथा शिकवत होते. आपला जवान चौकी जिंकतो आणि तिथे त्याला मेलेल्या शत्रूचा, घरून आलेला खाऊचा डबा सापडतो, अर्धा उरलेला. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाकीच्यांनी आपापले डबे उघडले. ती माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, तो डबा त्याच्या घरी परत गेला का?"

"अगं, ते परीक्षेला नाहीये," मी पुस्तक मिटत म्हणाले.

"माहितीये," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.