दात कसा पडला

लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून ती घरात शिरली, आणि तिच्या डोळ्यांसमोर बबडीचा दात पडला.

बबडी तिची मुलगी, अजून चार वर्षांचीही झाली नव्हती. बोलत नव्हती. मिक्सर सुरू झाला की डोकं फरशीवर आपटायची, धरायला गेलं की चावायची. त्या संध्याकाळी जावेने मिक्सर लावला, बबडीने मोठ्या दिराच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, आणि त्याने उलट्या हाताने अशी हाणली की पोर कपाटावर जाऊन आदळली.

आईच्या हाताला लोखंडी पायांचं स्टूल लागलं. तेच तिने दिराच्या खांद्यात घातलं. दुसऱ्यांदा उगारलं तेव्हा नवऱ्याने मागून तिचे हात धरले.

"अगं, दादाचा जीव घेशील."

"घेते. सोड."

सासू पलंगावरून हलली नाही. "पोरगी हट्टी आहे," ती म्हणाली. "दोन ठेवून दिल्या की मुलं सरळ होतात. माझी नाही झाली?" तिचा सरळ झालेला थोरला तेव्हा कपाटाच्या दाराला लाथा घालत होता.

बालवाडीच्या बाईंनी मागेच सांगितलं होतं. "मी डॉक्टर नाही, पण ऑटिझम आहे का ते तपासून घ्या. सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांच्या वाढीचा वेगळा विभाग आहे. नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून आजच नाव घाला." नवरा तेव्हा "बघू" म्हणाला होता. तो लॉन्ड्रीचीच गाडी चालवायचा, आणि घरात काही पेटलं की खाली जाऊन गाडीत बसायचा.

सकाळी हात गळ्यात बांधलेला दीर स्वतःहून बोलायला आला. "हॉस्पिटल-बिस्पिटल नको. माझ्या ओळखीचा एक जण अशा मुलांचं सेंटर चालवतो. तो बघेल. उगाच काही विचारत बसत नाही."

ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात बसलं. हॉस्पिटलात विचारणार होते. पोरीच्या ओठाला रात्री गल्लीतल्या डॉक्टरने घातलेले टाके, कपाळावर टेंगळं, दंडावर निळं पडलेलं. तरीही नवरा "एकदा बघून तर ये" म्हणाला, म्हणून त्याच्या शब्दाखातर ती सेंटरला गेली.

आतल्या खोलीत दोन बायकांनी एका मुलीला खुर्चीत दाबून धरलं होतं. मुलगी पाय झाडत होती, ओरडून ओरडून तिचा आवाज फाटला होता. "सवय लागेपर्यंत रडू द्यायचं," सेंटरवाला म्हणाला. त्याने बबडीकडे एक नजर टाकली. "ऑटिझमच आहे. उद्यापासून आणा. बोलायला लावतो."

"तुम्ही तिच्याशी खेळलासुद्धा नाहीत. मला काही विचारलं नाहीत."

"त्यात विचारायचं काय?"

तो बबडीचा दंड धरायला वाकला तसं आईने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला भिंतीपर्यंत ढकललं, आणि पोरीला उचलून बाहेर पडली.

गाडीत तिने नवऱ्याला सांगून टाकलं. "हॉस्पिटलात जायचं. आणि खरं सांगायचं."

"पोलीस येतील. स्टूल तूही घातलंस."

"तेही सांगेन. खोटं सांगून पोर तपासायला न्यायची, तर ते तपासणार काय?"

त्याने गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली. "दादा घराबाहेर काढेल."

"काढू दे."

बालवाडीच्या बाईंनी सुचवलं होतं, की घरी बबडी कशी खेळते, कशी चिडते, ते मोबाइलवर थोडं थोडं टिपून ठेवा, डॉक्टरांना उपयोग होतो. हॉस्पिटलात नाव घातलं, आणि तारीख येईपर्यंत ते काम नवऱ्याकडे आलं. बबडी डोकं आपटायला लागली की आई आपला तळहात मध्ये घालायची. डोकं हातावर आणि हात फरशीवर आपटायचा. मोबाइलमधून नवऱ्याने ते पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिलं. बायकोची बोटं इस्त्रीने नाही सुजत, हे त्याला तेव्हा कळलं.

हॉस्पिटलातली डॉक्टर वयाने तरुण होती. तिने आधी बबडीचं तोंड उघडून पाहिलं. "दात कसा पडला?"

"पडली ती, कपाटावर..." नवरा म्हणाला.

"दिराने मारलं," आई म्हणाली. "मी त्याला स्टूल घातलं. टेंगळं तिने स्वतःच डोकं आपटून करून घेतलीत. आणि मागच्या महिन्यात मीही तिच्या पाठीत धपाटे घातले होते. वळ आता गेलेत."

डॉक्टरने लिहून घेतलं आणि समाजसेविकेला बोलावलं. समाजसेविका शांतपणे म्हणाली, "तपासणी होईलच. पण ही पोर त्या माणसासोबत एका घरात राहायला नको."

पोलिसांनी दिराला चौकीवर बोलावून घेतलं. परत आला तो तापलेल्या तव्यासारखा. तिघांच्या भरून ठेवलेल्या बॅगा त्याने जिन्यावरून भिरकावल्या, मग बबडीकडे वळला. नवरा मध्ये आला. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून तो उभा राहिला आणि थोरल्या भावाचे ठोसे तोंडावर घेत राहिला. नाक फुटलं, शर्ट लाल झाला, पण चौकट सोडली नाही. बायको पोरीला घेऊन खाली पोचेपर्यंत तो तसाच उभा होता.

लॉन्ड्रीच्या मागे एक खोली मिळाली. मशीनचा आवाज भिंतीतून यायचा. पहिल्या दिवसांत बबडीने दोघांचे हात चावून सोलून काढले. मग कानांवर घालायचे जाड हेडफोन आणले, तेव्हा कुठे रात्री झोपायला लागली.

तपासणी एका खेपेत झाली नाही. आधी कान तपासले, ते नीट निघाले. मग कोणी तिच्याशी खेळलं, कोणी नुसतं बघत बसलं, कोणी आईला गरोदरपणापासूनचं सगळं विचारलं. शेवटी डॉक्टरने दोघांना बसवून सांगितलं, की हो, ऑटिझम आहे. पुढे काय काय करता येईल तेही सांगितलं.

"डोकं आपटायचं थांबेल?" आईने विचारलं.

"कमी होईल असं मला वाटतं. थांबेल असं आज सांगू शकत नाही."

बाहेरच्या बाकावर बबडीने बापाच्या अंगठ्याला दात लावले. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "एक ठेवून द्या की."

अंगठा तिच्या दातांत तसाच ठेवून नवरा उठून त्याच्यासमोर उभा राहिला. नाक अजून वाकडंच होतं. माणसाने नजर वळवली. मग नवऱ्याने हळूच आपला अंगठा सोडवून घेतला, आणि पुढच्या तारखेला कोण येणार ते दोघं ठरवू लागली.