प्रिंटरच्या मागची अक्षता

उत्तमराव आमच्या विमा कचेरीच्या दारावर बंदूक घेऊन बसायचे. मूळचे माण तालुक्यातले. फौजेत ते लाइनमन होते, म्हणजे टेलिफोनच्या तारा टाकायच्या आणि कुठे खंड पडला की शोधून जोडायच्या. शेवटची नेमणूक जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले, कारण त्यांच्या बायकोचं, अनुसयाबाईंचं औषधपाणी इथल्या मिलिटरी हॉस्पिटलात चालू होतं. कचेरीमागच्या खोलीत दोघं राहायची. खोली नोकरीबरोबर मिळालेली, नोकरी गेली की तीही जाणार.

मी त्याच कचेरीत अधिकारी. पुण्याहून बदली होऊन आलो होतो आणि सगळ्यावर चिडलेला असायचो. धुळीवर, उन्हावर, माझ्या पोरांच्या "मतलब बाबा, तसं नाही" असल्या मराठीवर. आई पुण्यात एकटी होती, म्हणून परतीच्या बदलीचा अर्ज केला होता. दारात उत्तमरावांशी चार वाक्यं बोललो की माझा पारा उतरायचा. का ते आजही सांगता येत नाही. ते फार काही बोलतही नसत.

सत्त्याऐंशी साली कचेरीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर एक करकरणारा प्रिंटर. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम झाला. खंडेनवमीला संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं, घरी आपण विळी-सुरीचीही पूजा करतो, मग याची का नको? मी प्रिंटरची मागची, कॉम्प्युटरला जोडणारी तार काढली, पुसून त्याला पाटावर ठेवला आणि हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं वाहिली. उत्तमराव दारात उभे होते. आपल्या बंदुकीची पूजा त्यांनी सकाळीच उरकली होती.

"सायेब, मागचं उघडं तोंड फडक्यानं झाका," ते म्हणाले. "आमी लाइनीचं टोक कदी उघडं सोडत नव्हतो."

"उत्तमराव, हे यंत्र आहे, तुमचा रानातला खांब नव्हे," मी म्हणालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रिंटर चालेना. कॉम्प्युटर म्हणे, प्रिंटर जोडलेलाच नाही. आम्ही बंद करून चालू केला, कागद बदलला. दिल्लीला ट्रंक कॉल लावला, तर कंपनीचा माणूस म्हणाला, आठ दिवसांनी येतो. दिवाळीपूर्वीच्या शेकडो नोटिसा छापायच्या राहिलेल्या. आमचे मॅनेजर नंदकिशोरजी आले, टेबलाखाली त्यांना झेंडूच्या पाकळ्या दिसल्या, आणि दारावरच्या बंदुकीला कुंकू लावलेलं तर सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"यह चौकीदार का ही काम है," ते म्हणाले. "महीने के आख़िर में इसकी छुट्टी."

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर काय करत होता? मूग गिळून बसला होता. माझा अर्ज नंदकिशोरजींच्याच टेबलावर होता. त्यावर एक वाईट शेरा पडला तर आई आणखी तीन वर्षं एकटी. मी उत्तमरावांकडे पाहिलं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, माझी सोय व्हावी म्हणून. त्या दिवशी मला डबा खाववला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमरावांनी नंदकिशोरजींकडे अर्धा तास मागितला. जाणारच आहे तर करू दे, असं म्हणून त्यांनी तो दिला. उत्तमरावांनी तार न जोडता नुसता प्रिंटर चालवून पाहिला. बटण दाबून धरलं तर तो स्वतःहून अक्षरं छापत होता. कॉम्प्युटरही नीट होता.

"दोन्ही टोकं जित्ती हायेत," ते मला म्हणाले. "मंजे खोट मदल्या तारंत, न्हाईतर जोडात."

मग त्यांनी वीज बंद केली आणि तार काढून मांडीवर घेतली. टॉर्चचा दिवा आणि सेल लावून तिची एकेक वाट तपासली. सगळीकडे दिवा लागला. तार चांगली होती. शेवटी ते प्रिंटरच्या मागे गुडघ्यांवर बसले, खाचेत उजेड टाकला आणि एक काडी अलगद आत घातली.

बाहेर आला तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल झालेला. त्याच्यामुळे जोड एका बाजूला पुरता बसतच नव्हता. तार परत खोचली आणि प्रिंटर करकरायला लागला.

"क्या था?" नंदकिशोरजींनी विचारलं.

उत्तमरावांनी मूठ मिटली. "चूहा, साब. कहीं से चावल का दाना लाया होगा."

त्यांना माहीत होतं तो कोणाचा दाणा. नोकरी जायची वेळ आली तरी त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मला लाज वाटली.

"दाना मेरा है," मी म्हणालो. "पूजा मैंने की थी. इन्होंने मना किया था."

उत्तमरावांची नोकरी राहिली. माझा अर्ज त्या वर्षी नामंजूर होऊन परत आला.

बाहेर आल्यावर उत्तमराव माझ्यावर रागावले, पहिल्यांदाच. "लाइन जोडली व्हती की मी, सायेब. तुमी कशाला तोडली? म्हातारी वाट बघती तिकडं."

"तुमच्या खोलीतही कोणी वाट बघतंच की," मी म्हणालो. अनुसयाबाईंनी संध्याकाळी वाटीभर शिरा पाठवला. मी आईला पत्र लिहिलं, आणि थंडीत ती स्वतःच जयपूरला येऊन तीन महिने राहिली.

पुढच्या खंडेनवमीला मी ताट घेऊन आलो, तर उत्तमराव आधीच खोलीत हजर. प्रिंटरच्या मागच्या तोंडावर त्यांनी अनुसयाबाईंच्या जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलं होतं. यंत्रावर एकच कोरडं फूल ठेवलं. मग माझ्या हातातलं ताट घेतलं आणि कुंकू माझ्या कपाळाला लावलं.