चार नंबरची स्क्रीन

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मला वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, केळ्याचे वेफर्स बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फुलपाड्यातल्या शेजाऱ्यांना आई सांगायची, "ती मशीनचं शिकते." खरं तर मलाही त्याहून फार काही सांगता आलं नसतं.

कारखान्यात पाकिटं भरायचं नवीन मशीन आलं होतं. जुन्याला बटणं होती. याला हाताच्या पंजाएवढी स्क्रीन, आणि तिच्यावर सगळं इंग्रजीत. जुनं मशीन बारा वर्षं चालवलेल्या काकी जवळच्या वटार गावाहून यायच्या. सुपरवायझरनी त्यांना सांगून टाकलं होतं, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालकांसमोर एकटीने हे मशीन चालवून दाखवा, नाहीतर खोकी भरायच्या टेबलावर जा. काकी मशीनभोवती एक चक्कर मारून आल्या. मला म्हणाल्या, "बाय, इंग्रजीचं तू बघ. मशीनचं मी बघते."

स्क्रीन मराठीत करायचं काम मी घाबरत घाबरत मागून घेतलं. ते करताना कळलं, की मशीन स्क्रीनकडे चित्रं पाठवतच नाही. चित्रं आधीपासून स्क्रीनच्या मेमरीत साठवलेली असतात, प्रत्येकाला एक नंबर असतो. मशीन फक्त नंबर सांगतं आणि स्क्रीन त्या नंबरचं चित्र काढून दाखवते. चार म्हणजे 'प्लास्टिकचा रोल संपला'. पाच म्हणजे 'सील करायची पट्टी जास्त तापली'. मी आठही चित्रांवर मोठ्या अक्षरांत मराठी लिहिलं. काकींनी दोन दिवसांत पाठ केलं.

इथवर ठीक होतं. पण दसऱ्याला तिथे प्रत्येक मशीनला हार घालतात. मला वाटलं, स्क्रीनलाही घालावा. झेंडूचं तोरण, खाली 'दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा' असं एक चित्र काढलं आणि तिसऱ्या चित्रानंतर घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मालक आले. काकींनी मशीन सुरू केलं. पाकिटं सुरेख पडत होती. वीसेक मिनिटांनी मशीन आपोआप थांबलं आणि स्क्रीनवर झेंडूचं तोरण आलं.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"शुभेच्छा देतंय," मागून कोणीतरी म्हणालं. सुपरवायझर हसले नाहीत.

काकींनी तोरणाकडे एकदा पाहिलं, मग वाकून मशीनमागे पाहिलं. रोल संपला होता. त्यांनी नवीन रोल चढवला, मशीन पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने ते परत थांबलं. आता स्क्रीन म्हणत होती, 'रोल संपला'.

"आत्ताच तर घातला," सुपरवायझर म्हणाले. "काकी, तुम्हाला जमत नाहीये."

"थांबा हो जरा." काकींनी सीलच्या पट्टीजवळ हात नेऊन लगेच मागे घेतला. "पट्टी तापलीय." पट्टीची उष्णता कमी करून त्या माझ्याकडे वळल्या. "तू मध्ये काही घुसवलंस काय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आमच्या चर्चमध्ये गीतांचं नवीन पुस्तक आलं तेव्हा असंच झालेलं. मध्ये एक गीत वाढवलं, पुढचे सगळे नंबर सरकले. बोर्डावर एकच नंबर, आणि अर्धी माणसं जुन्या पुस्तकातलं एक गातात, अर्धी नव्यातलं दुसरंच."

मी गप्प राहिले असते तर कदाचित खपलं असतं. पण दोष काकींवर गेला असता. मी मालकांना म्हटलं, "सर, चूक माझी आहे. मी चौथ्या जागी चित्र टाकलं, तेव्हा रोलचं चित्र पाचवं झालं. मशीन अजून जुनेच नंबर सांगतंय, म्हणून पट्टी तापली की स्क्रीनवर रोल येतो."

मालकांनी वाकून स्वतः पट्टी पाहिली. मग काकींना म्हणाले, "म्हणजे तुम्ही चुकीच्या स्क्रीनवर मशीन बरोबर चालवलंत?"

"स्क्रीन काय, काल-परवा आली," काकी म्हणाल्या. "पट्टी तापली की वास येतो."

मालक हसले. सुपरवायझरकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून यांनाच ठेवा इथे. आणि नवीन लोकांना यांच्या हाताखाली द्या."

सुपरवायझर "हो सर" म्हणाले आणि ड्युटीच्या फळ्याकडे गेले. काकींनी पदराने कपाळ पुसलं. मी लॅपटॉप उघडून तोरण पुसायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "काढतेस कशाला? सगळ्यात शेवटी टाक. आणि त्या मशीनला नंबर सांगायला विसरू नको."