कुठलीही यादी चालेल

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या एका छोट्या कंपनीत प्यो ह्ये-रानला सगळी पोरं 'ताई' म्हणत. वय चव्वेचाळीस, एकटी, बोलणं मोजकं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन करणारी प्रणाली तिनंच बांधली होती. दोनदा फोन उचलला गेला नाही, की वॉर्डाचा माणूस दार ठोठावायला जायचा.

प्रणाली नीट चालते का, हे तपासणारी चाचणी रोज आपोआप चाले. तिच्यात खरे फोन लावता येत नाहीत. म्हातारी माणसं दचकतील. म्हणून फोनयंत्राच्या जागी एक नकली यंत्र, 'मॉक', उभं करायचं आणि मग त्याला विचारायचं, तुझ्या हाती कुठली यादी आली? तिच्या चाचणीत तीन नावं ठरलेली होती. पण यादीतला क्रम सारखा बदले, आणि चाचणी लाल होई, म्हणजे नापास.

एका शुक्रवारी ती त्यातच अडकून बसली. त्या दिवशी कंपनीचं जेवण होतं, आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय तिथं कुणी घास घेत नाही. तिचे वरिष्ठ मेंगसाहेब, त्यांचा फोन आला.

"प्योबाई, मांस करपतंय इथं! पोरं मनातल्या मनात शिव्या घालतायत तुम्हाला."

"चाचणी लाल आहे, साहेब."

"मग हिरवी करा आणि या!"

क्रम सोडून नुसती नावं ताडून पाहायला दहा मिनिटं लागली असती. तिनं एका ओळीत लिहून टाकलं: कुठलीही यादी चालेल. चाचणी हिरवी झाली आणि ती जेवायला गेली.

जानेवारीत दुसऱ्या कुणीतरी यादी बनवणारा भाग बदलला. यादीत फक्त मोबाईलवाले उरले, घरच्या तारेच्या फोनवाले गळले. म्हणजे सगळ्यात म्हातारे तेच. नकली यंत्राला काय, यादी मिळाली. चाचणी हिरवीच राहिली.

अकराव्या दिवशी चू म्योंग-सॉप आजोबा न्हाणीघराच्या दारात सापडले. वय सत्त्याऐंशी. पडल्यावर दोन दिवस तरी जिवंत होते, असं डॉक्टर म्हणाले.

"यादी दुसऱ्यानं बिघडवली हो, तुम्ही कशाला जिवाला लावून घेताय?" मेंगसाहेब म्हणाले.

"पहाऱ्यावर मी होते, साहेब. आणि मी जेवायला आले."

ह्ये-राननं चाचणी पुन्हा लिहिली. क्रम कसाही असो, नावं तीच हवीत, आणि त्यांत एक तारेच्या फोनवालं. तिथं तिनं चू म्योंग-सॉप लिहिलं. नऊ मिनिटं लागली.

वॉर्डानं त्याच आठवड्यात आजोबांचं नाव खऱ्या यादीतून काढून टाकलं. नकली यंत्राच्या हाती मात्र ते रोज येतं, आणि फोन लावल्याची नोंद होते.